कंपनीची म्युझिक सिस्टिम कधी छान, कधी भिकार वाजते: दोष नेमका कुठे शोधायचा?

गाडी तीच, गाणं तेच, आवाजाचा आकडाही तोच. एके दिवशी असं वाजतं की पोचलो तरी गाडीतून उतरावंसं वाटत नाही. दोनच दिवसांनी तेच गाणं कुणी पत्र्याच्या डब्यात कोंडून ठेवल्यासारखं येतं. मग स्पीकरला शिव्या सुरू होतात. ‘कंपनी फिटेड ना, असंच असणार’ हे वाक्य मी ऐकलंयही पुष्कळ आणि म्हटलंयही पुष्कळ.

पण जरा थांबून विचार केला तर या तक्रारीतच उत्तर दडलेलं दिसतं. स्पीकर खरोखर वाईट असेल तर तो रोज वाईट वाजेल. त्याला वार कळत नाही. आवाज जर कधी चांगला आणि कधी वाईट येत असेल, तर बदलतंय ते दुसरंच काहीतरी: फोनमधून येणारा सिग्नल, कुठली तरी सेटिंग, गाडीचा वेग किंवा दाराची एखादी सैल क्लिप.

मला हे कळायला जवळपास सहा महिने लागले, आणि मधल्या काळात मी पुढच्या दारांचे स्पीकर बदलून बसलो होतो. नवे स्पीकर चांगले वजनदार, रबराच्या कडेचे. बसवून घेतले, गाणं लावलं, आणि आवाज आधीपेक्षा पातळ! बेस जवळजवळ गायब. बसवणाऱ्याचं म्हणणं, ‘नवे आहेत, थोडे वाजू द्या, मोकळे होतील.’ मी महिनाभर वाजू दिले. काही मोकळे झाले नाहीत. मूळचा दोष फोनमध्ये होता आणि स्पीकर बदलताना एक नवा दोष आत शिरला होता, म्हणजे आता एकावर एक दोन. हा गुंता ज्या क्रमाने सुटला त्याच क्रमाने पुढे लिहितोय, कारण क्रम चुकला की पैसे जातात आणि तक्रार जागच्या जागी राहते.

आधी डब्यावरचे आकडे बाजूला ठेवा

‘५० वॅट गुणिले ४’ हा आकडा येतो कुठून ते एकदा बघाच. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग करून ४ ने भागा, ५१.८ येतात. झाले ५० वॅट! मात्र हा हिशोब अ‍ॅम्प (सिग्नलची ताकद वाढवणारा भाग) पूर्ण फाटून चौकोनी लाट बाहेर टाकत असेल तेव्हाचा. स्वच्छ आवाजासाठी तोच हिशोब केला तर कागदावर सुमारे २६ वॅट निघतात, आणि चिपमधली गळती वजा जाता हातात पडतात २० च्या आसपास. हेड युनिटच्या (डॅशबोर्डमधल्या म्युझिक संचाच्या) मागे बहुतेक वेळा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. १० अँपिअर गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे १४४ वॅट आत गेले. १४४ आत जाऊन सलग २०० बाहेर येत असतील तर त्या डब्यावर दिवाबत्तीही भागवता येईल.

शिवाय वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे लक्षात येईल न येईल इतपत. कानाला ‘दुप्पट’ वाटायला वॅट साधारण दहापट लागतात.

स्पीकरच्या संख्येचंही तेच. प्रत्येक दारातला स्पीकर आणि त्याचा ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) वेगवेगळे मोजले की चार दारांत आठ होतात. मागच्या काचेखाली आणखी दोन टाकले की दहा. पुढे बसणाऱ्याच्या कानापर्यंत त्यातले किती पोचतात हा प्रश्न जाहिरातीत कुणी विचारत नाही.

आणि स्पीकरच्या जाळीवरचं नाव? एका विशिष्ट गाडीच्या केबिनचं मोजमाप घेऊन तिच्यासाठीच साउंड बनवायचा, हा प्रकार १९८३ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्स आणि बोस यांनी मिळून रूढ केला. तेव्हा नावाला अर्थ होता, अजूनही काही ठिकाणी आहे. पण आज जेबीएल, हरमन कार्डन, इन्फिनिटी, मार्क लेव्हिन्सन ही सगळी नावं एकाच हरमन कंपनीच्या घरातली आहेत, ती कंपनी २०१७ पासून सॅमसंगची आहे, आणि बँग अँड ओलुफसनचा गाड्यांचा धंदाही २०१५ मध्ये तिनेच घेतला. त्यामुळे दोन गाड्यांच्या जाळ्यांवर वेगळी नावं दिसली म्हणून आतला माल दोन टोकांचा असेलच असं नाही, आणि एकाच नावाच्या दोन सिस्टिम अगदी वेगळ्या वाजू शकतात. दाराची पोकळी, ट्वीटरची जागा आणि ट्यूनिंगला दिलेला वेळ यावर सगळं ठरतं. नाव वाचून नव्हे, ऐकून ठरवायचं.

पहिलं काम: एक ठरलेली स्थिती

गाडी उभी. इंजिन बंद, इग्निशन चालू. काचा वर, एसीचा पंखा बंद. बेस, मिड, ट्रेबल तिन्ही शून्यावर. बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढे-मागे) मधोमध. सराउंड, बेस बूस्ट, ‘कॉन्सर्ट’, ‘क्लब’ वगैरे जे काही असेल ते बंद. फोन बाजूला ठेवा आणि पेनड्राइव्हवर ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० किलोबिट, म्हणजे वरच्या दर्जाची) किंवा फ्लॅक स्वरूपातली (काहीही न गाळलेली), नीट ओळखीची दोन-तीन गाणी टाका. आवाजाचा एक आकडा ठरवून लिहून ठेवा.

गाणी कुठली घ्यायची? जी तुम्ही चांगल्या हेडफोनवर शंभर वेळा ऐकली आहेत ती. एकात निव्वळ माणसाचा आवाज पुढे असावा, एकात तबला, एकात झांज किंवा घुंगरू असं काही किणकिणणारं. धडाधड वाजणारं नाचाचं गाणं घेऊ नका, त्यात सगळ्याच सिस्टिम बऱ्या वाटतात.

इंजिन बंद ठेवून पाचदहा मिनिटंच ऐका. तासभर ऐकत बसलात तर तपास आवाजाचा न राहता बॅटरीचा होईल.

या स्थितीत आवाज चांगला आला तर तुमचे स्पीकर निर्दोष, आणि पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे. इथेही वाईटच आला तर थेट बॅलन्सच्या चाचणीकडे जा.

फोन: बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो

माझा सापडला तो असा. पेनड्राइव्हवर गाणं भरलेलं, गोल वाजत होतं. तेच गाणं फोनवरून ब्लूटूथने लावलं तर सपाट आणि नाकातलं. गायिका जणू पलीकडच्या खोलीतून टेलिफोनवर गातेय.

तो टेलिफोनच होता. ब्लूटूथमध्ये गाण्याचा रस्ता वेगळा आणि कॉलचा वेगळा. कॉलचा रस्ता मोनो असतो आणि त्यात आवाजाचे नमुने सेकंदाला सहसा ८,००० किंवा १६,०००च घेतले जातात. सीडीला ४४,१०० असतात. म्हणजे कॉलच्या रस्त्याने गाणं गेलं तर वरचा सगळा पट्टा कापला जातो आणि डावं-उजवं एकत्र कालवलं जातं. एखादं अ‍ॅप माइक धरून बसलं, व्हॉइस असिस्टंट जागा राहिला, किंवा कॉल संपूनही गाडीने तो संपला असं मानलंच नाही, की गाणं या अरुंद बोळात अडकतं. माझ्या फोनमध्ये दिशा सांगणाऱ्या अ‍ॅपात ‘सूचना फोन कॉलसारख्या ऐकवा’ अशी एक सेटिंग कधीतरी माझ्याच हातून चालू झालेली होती. अनोळखी रस्त्याला लागलो, नकाशा लावला, की आवाज भिकार. रोजच्या रस्त्याला नकाशा नाही, आवाज छान. सहा महिने मी हवामानाला आणि गाण्यांच्या रेकॉर्डिंगला दोष देत होतो!

हे तपासायला सोपं आहे. आवाज बिघडलेला असताना गाडीचा स्क्रीन बघा. कॉलचं चिन्ह दिसतंय का, किंवा आवाजाचं बटण फिरवल्यावर ‘कॉल व्हॉल्यूम’ असं येतंय का? येत असेल तर सगळी अ‍ॅप बंद करून फोन पुन्हा जोडा. तरी सुटत नसेल तर फोनच्या ब्लूटूथ यादीतून गाडी काढून टाका, गाडीच्या यादीतून फोन काढून टाका, आणि नव्याने जोडा. एकीकडचंच नाव काढून भागत नाही.

दुसरी गोष्ट कोडेकची, म्हणजे ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी गाणं आकसून बांधण्याच्या पद्धतीची. सगळ्या उपकरणांना येणारा किमान कोडेक म्हणजे एसबीसी, तो नेहमीच्या वरच्या दर्जाला ३२८ केबीपीएसपर्यंत जातो. आयफोन एएसी वापरतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये एलडॅक असतो, त्याच्या ३३०, ६६० आणि ९९० केबीपीएस अशा पायऱ्या आहेत. पण गाडीला तो येत नसेल तर फोनमध्ये असून उपयोग नाही, दोघं मिळून खालच्या पायरीवर येतात. यावर रात्र जागवण्यात अर्थ नाही असं माझं मत. चालत्या गाडीत चांगला एसबीसी आणि एएसी यांतला फरक रस्त्याचा आवाजच गिळून टाकतो. फरक पडतो तो अ‍ॅपच्या दर्जामुळे. बहुतेक अ‍ॅप ‘ऑटोमॅटिक’वर असतात. नेटवर्क पातळ झालं की ती गुपचूप दर्जा उतरवतात आणि ९६ केबीपीएसवर झांजा पाण्यात बुडवून वाजवल्यासारख्या येतात. घरी वायफायवर गाणी वरच्या दर्जात उतरवून घ्या आणि तीच वाजवा, म्हणजे रोज वेगळा आवाज येण्याचं एक कारण कायमचं मिटेल.

तिसरी, फोनचा स्वतःचा व्हॉल्यूम. काही गाड्यांत फोन आणि गाडी यांचे व्हॉल्यूम वेगवेगळे चालतात. फोन ४० टक्क्यांवर राहिला की आपण गाडीचं बटण पिळतो, आणि गाण्याबरोबर आतली खरखरही वर येते. फोन ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि उरलेलं काम गाडीच्या बटणाकडे द्या.

चौथी, इक्वलायझरची थप्पी. फोनमध्ये एक, अ‍ॅपमध्ये दुसरा, गाडीत तिसरा. तिघांनी थोडाथोडा बेस चढवला की मोठ्या आवाजाला तो फाटणारच. यातला एकच जिवंत ठेवा, शक्यतो गाडीतला, आणि त्यातही वर चढवण्यापेक्षा नको ते उतरवा. आवाज घुमतोय? बेस वाढवू नका, १२५ ते २५० हर्ट्झची पट्टी दोन घरं खाली आणा. गाणं एकदम मोकळं होतं.

रेडिओवरून मात्र सिस्टिमची परीक्षा करू नका. एफएममध्ये १५ किलोहर्ट्झच्या वर काही नसतंच, आणि सिग्नल कमी झाला की संच स्वतःच स्टिरिओकडून मोनोकडे सरकतो. वळणावर आवाज आक्रसला तर त्यात स्पीकरचा हात नाही.

गाडी स्वतःहून काय काय करते

कंपनीच्या सिस्टिममध्ये बऱ्याच गोष्टी आपल्याला न विचारता चाललेल्या असतात. वेगाप्रमाणे आवाज वाढवणारी सेटिंग बहुतेकांना माहीत असते. कमी माहिती असते ती बेसच्या लगामाची. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं होतं. म्हणून गाडी हळू आवाजात बेस चढवते. आणि मोठ्या आवाजात, दारातला पातळ कागदी स्पीकर फाटू नये म्हणून, तीच गाडी बेस उतरवते. त्यामुळे १२ वर भरलेलं वाटणारं गाणं २८ वर कोरडं आणि कर्कश होतं. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली रचना आहे. बेस पुढे करून ही उणीव भरून निघत नाही, कारण आपण चढवतो आणि गाडी कापते.

परीक्षा घ्यायची तर दोन्ही आकड्यांवर घ्या. ज्या सिस्टिममध्ये हा बदल हळूच होतो ती विचारपूर्वक बनवलेली. जिथे एका घरावरून दुसऱ्या घरावर जाताच पोट रिकामं झाल्यासारखं होतं, तिथे स्पीकर खूप हलके आहेत असं समजा.

बॅलन्सचं बटण, आणि माझा दुसरा दोष

फोनचा प्रश्न सुटल्यावरही नव्या स्पीकरांतून बेस येईना. एका संध्याकाळी उभ्या गाडीत बसून सहज बॅलन्स डावीकडे सरकवला. एकच दार वाजत असताना बेस वाढला! पुन्हा मध्ये आणला, गेला. पूर्ण उजवीकडे नेला, परत आला. दोन स्पीकर मिळून एकापेक्षा कमी वाजत होते.

याचा अर्थ एकच: दोघांपैकी एकाच्या वायरी उलट्या. एका दारातला पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्या दारातला आत जातो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वरचे सूर लहान लाटांचे असल्यामुळे पुरते मरत नाहीत, म्हणून गाणं ऐकू येतं पण पोकळ. निवेदकाचा आवाज समोर एका जागी न थांबता सगळ्या डॅशबोर्डवर पसरतो. तुमच्याकडे हीच लक्षणं असतील तर नवीन काहीही विकत घेऊ नका.

डाव्या दाराचं पॅड, म्हणजे आतलं आवरण, काढलं. कपलरमध्ये (गाडीच्या वायरींच्या जोडणीत) घालायला दिलेली जोडपट्टी कापून वायरी हाताने पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि पट्टा असलेली, म्हणजे उणे, वायर स्पीकरच्या अधिक टोकाला. खात्रीसाठी साधा दीड व्होल्टचा सेल क्षणभर स्पीकरकडे जाणाऱ्या वायरींच्या टोकांना टेकवला. अधिकला अधिक लावलं की पडदा बाहेर उसळायला हवा. एका दारात उसळला, दुसऱ्यात आत गेला. वायरी अदलाबदल करायला चार मिनिटं लागली. सेल टेकवून लगेच काढायचा हं, धरून बसायचा नाही, आणि त्याआधी स्पीकरचा कपलर गाडीपासून सोडवायचा.

चारही स्पीकर असेच एकेक करून ऐका. फेडर पुढे, बॅलन्स डावीकडे, मग उजवीकडे; नंतर मागे तसंच. प्रत्येक कोपरा किमान अर्धा मिनिट. एका कोपऱ्यात झांज नसेल तर ट्वीटर गेला किंवा त्याच्या पोटातला छोटा कपॅसिटर गेला. एका कोपऱ्यातच चर्र येत असेल तर पडदा किंवा कॉइल. चारही कोपरे एकेकटे चांगले आणि एकत्र वाईट, तर उलटी वायर.

खडखड: स्पीकरची की दाराची?

ठराविक सुरालाच दार खडखडतं आणि माणूस म्हणतो, स्पीकर फाटला. फाटलेला स्पीकर सहसा प्रत्येक मोठ्या ठोक्याला बोलतो, दार मात्र आपल्या आवडीचा सूर आला तरच बोलतं.

फोनवर सूर काढणारं एखादं अ‍ॅप घ्या, मध्यम आवाजात ३० हर्ट्झपासून २०० पर्यंत सावकाश वर जा. खडखड सुरू झाली की तिथेच थांबा आणि हात फिरवा. आधी पॅड तळहाताने दाबा. बंद झाली? क्लिप तुटली किंवा सैल. खिडकीच्या बटणांची चौकट, दाराच्या कप्प्यातली बाटली, काच अर्धी खाली असेल तर काच, आणि मागच्या बाजूला नंबर प्लेट. माझ्याकडे ६० च्या आसपास जे काही बोलत होतं ते शोधायला मी दोन संध्याकाळ घालवल्या, आणि ते निघालं सनग्लासेसच्या कप्प्यातलं नाणं. ही चाचणी मोठ्या आवाजात करू नका आणि उंच सूर तर मुळीच नकोत. सलग सुराने कॉइल तापते आणि बिचारा ट्वीटर आधी जातो.

पॅड काढलंच तर आतलं प्लास्टिक बघा. दाराच्या पत्र्याला चिकटवलेला पाणी अडवणारा कागद असतो, तो काचेच्या मोटरचं काम करताना ओरबाडून काढतात आणि परत कसाबसा टेकवतात. मग तो फडफडतो, पाणी स्पीकरवर येतं, आणि पत्र्याला उघडी भोकं राहिल्यामुळे पडद्याच्या मागचा आवाज पुढे येऊन पुढच्याला खातो. बेस गेला की लोक वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) शोधायला जातात, आणि गेलेला असतो या कागदाचा गोंद. ‘काच दुरुस्त केल्यापासून आवाज बदलला’ असं कुणी म्हणालं तर मी दुसरं काही विचारतच नाही. कागद नीट चिकटवून, स्पीकरभोवतीच्या पत्र्यावर ब्युटाइलच्या डॅम्पिंग शीटचे (पत्र्याची थरथर मारणाऱ्या चिकट पट्टीचे) दोन-चार तुकडे दाबून बसवले तर कंपनीचाच स्पीकर ओळखू न येण्याइतका सुधारतो. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मात्र झाकू नका.

शिट्टी आणि गुणगुण

एक्सलरेटर दाबला की चढत जाणारी बारीक शिट्टी म्हणजे अल्टरनेटरची. फोन ऑक्सच्या वायरीने जोडलेला आणि शेजारच्या चार्जरवर लावलेला असेल तरच ती येते का पाहा. चार्जर काढल्यावर गेली तर अर्थिंगचा फेरा आहे. दुसरा चार्जर वापरा, ब्लूटूथने वाजवा किंवा मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. चार्जर न लावताही येत असेल तर बाहेरून बसवलेल्या अ‍ॅम्पची अर्थ वायर रंगावर घट्ट केलेली आहे का बघा. रंग खरवडून उघड्या पत्र्याला जोडावी लागते.

स्पीकर खरंच गेलाय हे कसं कळतं

कपलर काढून मल्टीमीटर लावा. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.७ दाखवतो. आकडाच न आल्यास कॉइल तुटली. मग चार बोटं पडद्याच्या मध्याभोवती सारखी टेकवून हलकेच आत दाबा. कचकच लागली तर कॉइल घासतेय. कडेचा गोल पट्टा फोमचा असेल तर नखाने हळूच स्पर्श करा. दहा-पंधरा वर्षांत फोमचा भुगा होतो, रबर जास्त टिकतं.

मीटरने दीड-दोन ओहम दाखवले तर घाबरू नका आणि घाईही करू नका. वेगळा अ‍ॅम्प असलेल्या काही कंपनी सिस्टिममध्ये स्पीकर मुद्दाम २ ओहमचे किंवा त्याहून कमीचे असतात. तिथे बाजारातला ४ ओहमचा स्पीकर बसवला की त्याला जवळपास निम्मीच ताकद मिळते आणि आवाज बसतो. उलट केलं, म्हणजे ४ च्या जागी २ लावला, तर अ‍ॅम्प तापतो. मीटर आधी, खरेदी नंतर.

आणखी एक फसवं प्रकरण. अलीकडच्या काही गाड्यांत इंजिनाची घरघर मारण्यासाठी छतातल्या माइकवरून ऐकून स्पीकरमधून उलटा सूर सोडतात. तिथे बाहेरचा वूफर आणि अ‍ॅम्प लावला की तो उलटा सूरही भरमसाट मोठा होतो, आणि गाणं बंद असतानाही ठराविक वेगाला केबिन घूं करत राहते. लोक वूफर बदलत बसतात. तिथे ती सोयच बंद करावी लागते.

गाडी घेण्याआधी ऐकायची असेल तर

विक्रेता जे गाणं लावतो ते त्या सिस्टिमला शोभेल असंच निवडलेलं असतं, आणि बेस चढवलेला असतो. आपला पेनड्राइव्ह न्या. सगळं शून्यावर आणा. आधी निव्वळ बोलणं लावा, बातम्या किंवा भाषण. आवाज डॅशबोर्डच्या मध्यावर, डोळ्यांच्या उंचीला लागतो की गुडघ्यापाशी? चालवणाऱ्याला जवळचं दार लांबच्या दारापेक्षा सहज अर्धा मीटर जवळ असतं, म्हणजे जवळच्या दाराचा आवाज दीड मिलिसेकंद आधी पोचतो. चांगल्या सिस्टिममध्ये ‘ड्रायव्हर सीट’ अशी सोय असते, ती जवळचा स्पीकर तेवढाच थांबवते. चालू-बंद करून बघा, निवेदक सरकून समोर येतो की नाही.

मग तबला. डग्ग्याची मींड ऐका. सूर घसरत खाली जाताना एकसारखा जातो का, की मध्येच एक सूर फुगून दार भरतो? फुगत असेल तर तो सूर पुढे प्रत्येक गाण्यात तुमच्या मागे लागणार आहे. मग झांज: ‘छन्’ येते की ‘स्स्स’? आणि शेवटी त्याच आकड्यावर गाडी मोठ्या रस्त्याला काढा. उभ्या गाडीत सुरेख वाटणारा नाजूक खर्ज चाकांच्या घरघरीत पहिला हरवतो. ताशी ८० ला निवेदकाचा शब्द न् शब्द कळत असेल आणि त्यासाठी पंधरा घरं आवाज वाढवावा लागला नसेल, तर मी त्या सिस्टिमला पास म्हणेन, जाळीवर कुठलंही नाव नसलं तरी.

माझ्या गाडीच्या वायरी सरळ झाल्यावर एक हौस करून पाहिली. काढून ठेवलेले कंपनीचे स्पीकर एका दारात परत बसवले, दुसऱ्यात नवे, आणि बॅलन्स इकडून तिकडे फिरवत अर्धा तास ऐकलं. झांजेत नवे पुढे, यात वाद नाही. माणसाच्या आवाजात मला फरक सांगता येईना, आणि शेजारी बसलेल्या बायकोने डोळे मिटून दोनदा जुन्यालाच नवा म्हटलं. नवेच ठेवलेत, कारण पॅड पुन्हा काढायचा कंटाळा आला.